प्रदेश, गरज आणि बहुराष्ट्रीय कंपनी : इंटरनेट पत्त्यांच्या वाटप-धोरणाची चिकित्सा

प्रस्तावना :
जागतिकीकरणाची चर्चा मराठीत प्रामुख्याने शेती, बाजारपेठ, रोजगार आणि भाषा या अंगांनी झाली आहे. ज्या क्रमांकांवाचून इंटरनेटवरील एकही संदेश इच्छित स्थळी पोहोचत नाही, त्या क्रमांकांच्या वाटपाकडे मात्र तंत्रज्ञांचा विषय म्हणून पाहिले जाते. वस्तुतः हा प्रश्न जमीन, पाणी आणि वनोपज यांच्या वाटपाच्याच जातीचा आहे. मर्यादित साधन कोणाला, कोणत्या निकषावर आणि मुख्य म्हणजे केव्हा दिले गेले, हे त्यात पाहावे लागते. प्रस्तुत लेखात अनेक देशांत कारभार करणाऱ्या कंपन्यांच्या संदर्भात या धोरणाचे परीक्षण केले आहे.

इंटरनेट पत्त्यांच्या चौथ्या आवृत्तीत एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते आहेत. प्रारंभीच्या काळात त्यांचे वाटप सढळ हाताने झाले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था किंवा फोर्ड मोटर कंपनी यांसारख्या एकेका संस्थेच्या वाट्याला १,६७,७७,२१६ पत्त्यांचा गट आला. पुढे टंचाईची चाहूल लागली आणि वाटपाला दोन आधार देण्यात आले : ‘प्रदेश’ आणि ‘गरज’. या दोन्ही शब्दांची उलटतपासणी आवश्यक आहे.

‘प्रदेश’ ही कल्पना :
मे १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियोजनानुसार पत्त्यांचे काही गट जगातील विभागांना नेमून देण्यात आले. २०२ आणि २०३ या अंकांनी सुरू होणारे पत्ते पॅसिफिक विभागाकडे आले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली. तिच्या ग्राहकांच्या परिचयाचा ‘२०२.५४’ हा प्रारंभ त्याच नियोजनाचा परिणाम होय. या नियोजनात ‘बहुप्रादेशिक’ असाही एक रकाना होता. मात्र नियोजनापूर्वीच वाटून झालेल्या क्रमांकांचा तो रकाना होता. अनेक प्रदेशांत वावरणाऱ्या कंपनीचा त्यात विचार नव्हता. धोरणाला शब्द सुचला होता, पण प्रश्न सुचला नव्हता, असे म्हणावे लागते.

आज पाच प्रादेशिक नोंदणी संस्था आहेत : युरोप व मध्यपूर्वेसाठी ॲम्स्टरडॅम येथील ‘राइप’, आशिया-पॅसिफिकसाठी ब्रिस्बेन येथील ‘एपनिक’, उत्तर अमेरिकेसाठी ‘एरिन’, लॅटिन अमेरिकेसाठी ‘लॅकनिक’ आणि आफ्रिकेसाठी मॉरिशस येथील ‘आफ्रिनिक’. सामान्य महाविद्यालय किंवा नगरपालिका यांपैकी एकाच दारात उभी राहू शकते. बहुराष्ट्रीय कंपनीची स्थिती निराळी आहे. मुंबईचे उदाहरण यासाठी पुरेसे आहे. विदेश संचार निगम २००२ मध्ये टाटा समूहाकडे गेला. २००५ मध्ये त्याने टायको कंपनीचे समुद्राखालील केबल-जाळे घेतले, २००६ मध्ये कॅनडातील टेलिग्लोब ही कंपनी घेतली आणि २००८ मध्ये ‘टाटा कम्युनिकेशन्स’ हे नाव धारण केले. परिणामी या उद्योगाची दोन जाळी दोन प्रदेशांच्या नोंदीत दिसतात : ४७५५ हा स्वायत्त जाळे-क्रमांक आशियाच्या बाजूला आणि टेलिग्लोबकडून आलेला ६४५३ हा उत्तर अमेरिकेच्या बाजूला. यात गैर काहीच नाही. कंपनी विकत घेतली की तिची नोंदही सोबत येते. परंतु प्रदेशाची रेषा मोठ्या उद्योगाला अडवत नाही आणि लहान संस्थेला मात्र पूर्णपणे बांधून ठेवते, हे त्यातून स्पष्ट होते.

त्यातही पाच दारांचे नियम एकसारखे नाहीत. एरिनच्या धोरणानुसार प्रदेशाबाहेरील वापरही गरज म्हणून दाखवता येतो. त्यासाठी अर्जदाराचा प्रदेशाशी खरा व भरीव संबंध असावा लागतो. याउलट, आफ्रिनिकच्या टंचाईकालीन धोरणात प्रदेशाबाहेरील वापर केवळ आफ्रिकेशी जोडणी राखण्यापुरता मान्य आहे. या विसंगतीची किंमत आफ्रिनिकनेच मोजली. सेशेल्समध्ये नोंदलेल्या ‘क्लाउड इनोव्हेशन’ या कंपनीला त्या संस्थेकडून सुमारे ६२ लाख पत्ते मिळाले होते. त्यांच्या वापरावरून वाद पेटला, २०२१ मध्ये मॉरिशसच्या न्यायालयाने नोंदणी संस्थेचीच बँक खाती गोठवली आणि २०२३ मध्ये संस्थेवर न्यायालयीन प्रशासक नेमला गेला. कंपनीची बाजू अशी की, मिळालेले पत्ते कोठे वापरावेत हे करार ठरवत नाही. हा युक्तिवाद उभा राहू शकला, यातच ‘प्रदेश’ या शब्दाची दुर्बलता आहे.

‘गरज’ कोणत्या काळातील?
लेखाचा खरा आक्षेप दुसऱ्या शब्दावर आहे. नोव्हेंबर १९९६ च्या मार्गदर्शक दस्तऐवजानुसार मागितलेल्या पत्त्यांपैकी २५ टक्के तत्काळ आणि ५० टक्के वर्षभरात वापरले जातील, असे दाखवणे आवश्यक होते. साठेबाजी रोखण्याच्या दृष्टीने हा निकष योग्यच होता. त्या काळातील मार्गदर्शक यंत्रांची स्मृती तोकडी होती, विखुरलेले वाटप त्यांना पेलले नसते, हेही मान्य करावे लागेल. परंतु ज्या ठिकाणी जाळेच पोहोचलेले नाही, त्या ठिकाणची गरज या हिशेबात शून्य भरते. गोंडपिपरी तालुक्यातील एखाद्या ग्रामपंचायतीने १९९६ मध्ये कोणते २५ टक्के दाखवावेत? अभाव हाच गरज नसल्याचा पुरावा ठरला. दहा देशांत कचेऱ्या असलेल्या कंपनीला मात्र दहा ठिकाणची गरज त्याच वर्षी कागदावर मांडता येत होती.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाला हा प्रकार अनोळखी वाटू नये. निस्तार हक्कांची नोंद ज्या बंदोबस्तात झाली, त्या वेळी जे नोंदले गेले तेच दीर्घकाळ ग्राह्य राहिले. नंतर आलेला किंवा लिहिता न येणारा नोंदीबाहेर राहिला. २००६ च्या वनहक्क कायद्याने ही वही पुन्हा उघडली आणि २००९ मध्ये मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. पत्त्यांच्या वहीबाबत असे घडले नाही.

येथे २०११ हे वर्ष बारकाईने पाहण्यासारखे आहे. ३ फेब्रुवारीला जागतिक साठा संपला. १५ एप्रिलला एपनिकने शेवटच्या गटाचे नियंत्रित वाटप सुरू केले, म्हणजे प्रत्येक सभासदाला कमाल १,०२४ पत्ते. २०१९ मध्ये ही मर्यादा ५१२ वर आली. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूने जोडण्याच्या योजनेला, म्हणजेच आजच्या ‘भारतनेट’ला, मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ती त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये. गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले तेही २०११ मध्येच. या भागाची गरज कागदावर येण्यास आणि कोठार रिकामे होण्यास एकच वर्ष लागावे, यास निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

शेवटचा गट उशिरा येणाऱ्यांसाठी राखला, ही एपनिकची भूमिका इतरांच्या तुलनेत न्याय्यच होती. परंतु वाटपाचे एकक ‘सभासद’ हे ठेवले गेले. लोकसंख्या किंवा भूभाग त्यात मोजला जात नाही. संपूर्ण जिल्ह्याला सेवा देऊ इच्छिणारी संस्था आणि मोठ्या समूहाने वेगळ्या देशात नोंदलेली छोटी उपकंपनी यांचा वाटा त्यामुळे सारखाच ठरतो.

मालकी नाही, पण भाडे आहे :
पत्ता ही मालमत्ता नव्हे, असे नोंदणी संस्था सांगत आल्या. २०११ मध्येच दिवाळखोरीत निघालेल्या नॉर्टेल या कॅनडाच्या कंपनीचे ६,६६,६२४ पत्ते मायक्रोसॉफ्टने ७५ लाख डॉलरना घेतले. त्यानंतर हस्तांतराचे नियम क्रमाने सैल होत गेले. २०१७ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने आपला जवळपास निम्मा गट विक्रीस काढला आणि त्यातील मोठा भाग ॲमेझॉनकडे गेला. त्याच ॲमेझॉनची मेघसेवा मुंबईत २०१६ पासून आहे. १ फेब्रुवारी २०२४ पासून ती प्रत्येक सार्वजनिक पत्त्यासाठी तासाला ०.००५ डॉलर, म्हणजे वर्षाला सुमारे ४४ डॉलर आकारते. गरजेच्या नावाने जवळपास फुकट मिळालेले साधन अशा रीतीने भाड्याच्या खोल्यांसारखे झाले. नागपूर किंवा चंद्रपूरच्या नव्या उद्योजकाला हे भाडे भरूनच व्यवसायास आरंभ करावा लागतो.

सहाव्या आवृत्तीमुळे टंचाई संपली, असे उत्तर यावर दिले जाते. ते अंशतः खरे आहे. २०१६ पासून जिओने या आवृत्तीचा मोठ्या प्रमाणावर स्वीकार केल्याने भारत तिच्या वापरात जगातील अग्रगण्य देशांत गणला जातो. परंतु असंख्य संकेतस्थळे आजही केवळ चौथी आवृत्तीच ओळखतात. तेथे जाताना गोंडपिपरीतील भ्रमणध्वनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक अपरिचितांबरोबर वाटून घेतो. त्यांपैकी एकाने गैरवापर केला आणि एखाद्या संकेतस्थळाने तो पत्ता रोखला, तर इतरांचीही वाट बंद होते. चौथ्या आवृत्तीच्या अशा जोडणीवर बाहेरून थेट पोहोचेल असा स्वतःचा सेवा-संगणकही चालवता येत नाही.

१९९६ चा दस्तऐवज ऑगस्ट २०१३ मध्ये मागे पडला. त्याची जागा घेणाऱ्या दस्तऐवजात टक्केवारी उरली नाही, प्रदेशाची चौकट मात्र कायम राहिली. प्रादेशिक संस्थांना मान्यता देण्याचे २००१ चे निकष आफ्रिनिकच्या अनुभवानंतर नव्याने लिहिले जात असून, २०२४ आणि २०२५ मध्ये त्यावर जाहीर मते मागवण्यात आली. या पुनर्लेखनाचा भर नोंदणी संस्थेच्या कारभारावर आणि तिची मान्यता काढून घेण्याच्या पद्धतीवर आहे. एकाच वेळी अनेक प्रदेशांच्या वहीत नाव असलेल्या कंपनीचा एकूण वाटा कोणी मोजायचा, हा प्रश्न १९९३ च्या त्या ‘बहुप्रादेशिक’ रकान्याजवळच थांबलेला आहे.