सरासरीचा छेद

सरासरी म्हणजे बेरजेस संख्येने भागणे, ही व्याख्या शाळेतच पाठ होते. परंतु कोणत्या संख्येने भागावयाचे, हा प्रश्न तेथे सहसा उपस्थित होत नाही. ई. एफ. कॉड यांच्या १९७० मधील संबंधात्मक प्रतिमानाच्या आधारे चेंबरलिन व बॉइस यांनी १९७४ मध्ये प्रथम मांडलेली एसक्यूएल ही पृच्छाभाषा या प्रश्नाचे उत्तर परस्पर देऊन टाकते. तिच्यातील 'एव्हीजी' या फलनाचे त्या दृष्टीने परीक्षण करणे अगत्याचे आहे.

मीरा-भाईंदरमधील बेव्हर्ली पार्क येथील एखादी इमारत कल्पावी. चार सदनिकांपैकी तीन सदनिकांच्या पाणीमापकांवर दिवसाचे ३००, ४०० व ५०० लिटर अशी नोंद आहे. चौथीस कुलूप असल्यामुळे तिचा रकाना रिक्त, म्हणजे 'नल', राहिला आहे. 'एव्हीजी' ही रिक्त नोंद बेरजेतून व छेदातूनही वगळते आणि ४०० हे उत्तर देते. 'कोअलेस' योजून रिक्ताच्या जागी शून्य घातले, तर उत्तर ३०० येते. दोन्ही गणिते बिनचूक आहेत. वाद आहे तो अर्थाचा: चौथ्या घरी पाणी वापरले गेले नाही, की मोजले गेले नाही? अज्ञानास शून्य न मानणे हा या भाषेचा गुणच होय. तथापि किती नोंदी गळल्या हे ती विचारल्याशिवाय सांगत नाही, हा तिचा दोष मानावा लागेल.

याहून गंभीर प्रमाद सरासऱ्यांची सरासरी काढताना घडतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची घनता दर चौरस किलोमीटरला ३६५ होती. तत्कालीन ३५ जिल्ह्यांच्या घनतांवर 'एव्हीजी' चालविल्यास मुंबई उपनगर (२०,९८०) व मुंबई शहर (१९,६५२) हे दोनच जिल्हे उत्तर ११६० च्या पुढे नेतात. कारण क्षेत्रफळाचा विचार न होता विस्तीर्ण गडचिरोलीस (७४) व चिमुकल्या मुंबई शहरास सारखेच वजन मिळते. येथे लोकसंख्येच्या बेरजेस क्षेत्रफळाच्या बेरजेने भागणे हाच योग्य मार्ग होय.

म्हणून प्रत्येक सरासरीसमवेत 'काऊंट'च्या साहाय्याने एकूण ओळी व प्रत्यक्ष मोजलेल्या नोंदी या दोन्ही संख्या देण्याचा प्रघात अभ्यासकांनी पाडावा. ज्या आकड्यावरून एखाद्या वस्तीच्या पाण्याचा वाटा ठरावयाचा, त्याचा छेद कसा ठरला हे सांगण्याचे उत्तरदायित्व संशोधकास यंत्रावर सोपविता येणार नाही.