पत्त्यांचे जादूगार आणि हातचलाखीचे अभिजात ग्रंथ : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना :
शास्त्र आणि प्रयोग यांच्या परस्परसंबंधाचा प्रश्न भारतीय कलाविचाराला नवा नाही. संगीत, नृत्य व नाट्य या कलांच्या संदर्भात त्याची चर्चा विपुल झाली. जादू ही केवळ करमणूक मानली गेल्याने या चर्चेबाहेर राहिली. वास्तविक पुण्याच्या जादूगार रघुवीर यांच्यासारख्या कलावंतांनी मराठी प्रेक्षकांत या कलेला प्रतिष्ठा मिळवून दिली आहे. आज अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या उपनगरांत पत्त्यांचे खेळ शिकू पाहणाऱ्या तरुणाला शेकडो चित्रफिती मोबाईलवर उपलब्ध आहेत. अशा वेळी त्याने जुने इंग्रजी ग्रंथ अभ्यासावेत काय, हा प्रश्न प्रस्तुत लेखात तपासला आहे.

ग्रंथांचे स्वरूप :
या विद्येचा आधारग्रंथ म्हणून ‘द एक्स्पर्ट ॲट द कार्ड टेबल’ याचे नाव घेतले जाते. एस. डब्ल्यू. अर्डनेस या टोपणनावाने तो १९०२ साली शिकागो येथे प्रसिद्ध झाला. लेखकाची खरी ओळख आजही वादग्रस्त आहे. विशेष म्हणजे या ग्रंथाचा मोठा भाग जादूगारांसाठी नसून जुगाराच्या टेबलावरील लबाडीविषयी आहे. तळाचा पत्ता वाटणे, वरचा राखून दुसरा वाटणे, पत्ते पिसल्याचा केवळ आभास निर्माण करणे, या कृतींचे त्यात सूक्ष्म वर्णन आहे. जादूचे खेळ उत्तरार्धात येतात. जीन ह्यूगार्ड व फ्रेडरिक ब्राऊ यांचा ‘द रॉयल रोड टू कार्ड मॅजिक’ हा १९४०च्या दशकाच्या अखेरीचा ग्रंथ मात्र जादूच्या विद्यार्थ्यासाठीच लिहिलेला आहे. एक कृती आणि तिच्यावर आधारलेले खेळ, असा त्याचा क्रम आहे.

आक्षेपांचा विचार :
ग्रंथाभ्यासाविरुद्ध दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की हाताची गती व लय शब्दांत पकडता येत नाही. हा आक्षेप रास्त आहे. अर्डनेसचा ग्रंथ बालपणापासून मुखोद्गत करणाऱ्या डाय व्हर्नन (१८९४–१९९२) यांनाही केवळ ग्रंथ पुरला नाही. कॅटच्या मधून पत्ता वाटणाऱ्या ॲलन केनेडी या जुगाऱ्याचा शोध घेत ते १९३२ साली अमेरिकेतील मिसुरी राज्यात पोहोचले. तथापि व्हर्नन यांना त्या हाताचे मोल कळले, ते ग्रंथाने दृष्टी घडवली होती म्हणूनच, हेही नाकारता येत नाही.

दुसरा आक्षेप असा, की परदेशी ग्रंथ येथील प्रेक्षकाला अनुलक्षून लिहिलेले नाहीत. येथेच ग्रंथाची खरी उपयुक्तता स्पष्ट होते. हालचाल स्वाभाविक असावी आणि कौशल्य दिसू नये, हे अर्डनेसच्या प्रतिपादनाचे सूत्र आहे. मुंबईकर प्रेक्षक रमी आणि तीन पत्ती ओळखतो. पत्ते हातात धरून पिसणे हीच त्याच्या घरातली व लोकलमधली रीत आहे. त्याच्यासमोर टेबलावर कॅटचे दोन भाग फर्रकन एकमेकांत मिसळणारा जादूगार आरंभीच मुरलेला पत्तेबाज ठरतो आणि पुढील चमत्कार ‘हाताची सफाई’ म्हणून निकालात निघतो. चित्रफितीचे अनुकरण करणारा नेमका हाच दोष पत्करतो, कारण त्याने कृती घेतलेली असते, कारण घेतलेले नसते. ग्रंथ वाचणाऱ्याला मात्र हातात पिसण्याचे तंत्र अर्डनेसमध्ये सविस्तर सापडते. ‘रॉयल रोड’चा तर आरंभच त्या प्रकरणाने होतो.

येथे पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या कार्याचे स्मरण उचित ठरेल. क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांत त्यांनी बंदिशी स्वरलिपीबद्ध केल्या. त्या वाचून कोणी गवई होत नाही. परंतु आपण काय गातो आणि का गातो, याचे भान त्यामुळे येऊ शकते. हातचलाखीच्या ग्रंथाचे स्थान याहून वेगळे नाही.

निष्कर्ष :
सर्व अभिजात ग्रंथ वाचल्याविना रंगमंचावर येऊ नये, हा आग्रह अवाजवी आहे. त्याचप्रमाणे ग्रंथ कालबाह्य झाले, हे मतही टिकणारे नाही. एखादा ग्रंथ पत्ते हाती घेऊन आद्यंत अभ्यासणे आणि त्यातील प्रत्येक कृती आपल्या प्रेक्षकाच्या सवयींवर पारखणे, एवढी अपेक्षा मात्र प्रयोग करणाऱ्याकडून अवश्य करावी. चित्रफीत हाताला वळण लावते, तर ग्रंथ निवड करायला शिकवतो. ही निवड ज्याला जमत नाही, त्याच्या प्रयोगात दुसऱ्याचाच हात दिसत राहतो.