मंदीच्या काळातील पदर

१९३० ते १९४७ या कालखंडात बेळगाव-निपाणीकडील स्त्रियांच्या वेषात जे स्थित्यंतर घडले, त्याचे सारे श्रेय बोलपटाला देऊन मोकळे होण्याचा शिरस्ता आपल्याकडे पडून गेला आहे, आणि तो अगदीच निराधार आहे असे नव्हे. ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ १९३२ साली निघाला तो निपाणीला जवळच असलेल्या कोल्हापुरात; १९३७ च्या ‘कुंकू’तील शांता आपटे यांचा ताठ बाणा तरुण मुलींच्या मनात भरला; आणि धारवाडात जन्मलेल्या लीला चिटणीस १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. (त्याआधीच्या पिढीने शालू नेसण्याची ढब बालगंधर्वांकडून, म्हणजे एका पुरुषाकडून, उचलली होती, हे मात्र सोयीस्करपणे विसरले जाते.) तथापि रसिकता पडद्यावरून आली असे म्हटले, तरी तिची मर्यादा दुकानदाराच्या खतावणीने ठरविली.

१९२९ नंतर शेतमालाचे भाव कोसळले. तंबाखूवर जगणाऱ्या निपाणीच्या मुलखाला त्याची झळ विशेष लागली, कारण पिकाचे मोल उतरले तरी सरकारी सारा रोख रकमेतच भरावयाचा होता. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने सुवर्णपरिमाण सोडले, सोन्याचा भाव चढला, आणि देशभरातील शेतकरी घरांतले मोडीचे सोने सराफकट्ट्यांवरून मुंबई बंदराच्या वाटेला लागले. गळ्यातली बोरमाळ गेली म्हणून स्त्रीची हौस गेली असे कसे होईल? ती वस्त्राकडे वळली, आणि वस्त्रातही जो भाग चारचौघांत दिसतो त्या काठापदरावर स्थिरावली, असे माझे मत आहे.

या दृष्टीने इरकली लुगड्याची रचना न्याहाळण्यासारखी आहे. अंग सुती, पदर रेशमी. दोन्हींचा ताणा निराळा, आणि सुताचा एकेक उभा धागा रेशमाच्या धाग्यात फासा घालून हाताने अडकवावयाचा, तेव्हा कोठे टोपपदर मागावर चढतो. लाल रेशमात पांढरे फणीचे दाते आणि किल्ल्याचा तट उमटतो तो या जोडापलीकडे. म्हणजे रेशमाचा खर्च जेथे नजर पडते तेवढ्याच जागी. निऱ्यांत दडणाऱ्या वारांवर दमडीची उधळपट्टी नाही. गुळेदगुड्ड्याचा खण याच हिशोबी सौंदर्यबुद्धीचा दुसरा नमुना: हातभर कापडाने जुने लुगडेही सणाच्या दिवशी नवे भासते. मंदीने ही कला निर्माण केली नाही. परंतु मंदीत ती टिकली, याचे कारण काटकसर तिच्या विणीतच होती.

उलट जपानी नकली रेशमाने, आणि शहरी मध्यमवर्गात शिरलेल्या जॉर्जेटने, स्वस्तात झगमगाट दिला खरा, पण अंगावर वस्त्र पडण्याची जी जुनी डौलदार रीत होती ती पार बिघडवली. सुळसुळीत पातळ सावरण्यातच नेसणारीचा अर्धा जीव खर्ची पडे. सकच्छ नऊवारी सोडून गोल पातळ नेसण्यावरून घरोघरी जे वाद माजले, त्यांत धर्म, शील, आरोग्य या सर्वांचे दाखले दिले गेले. किर्लोस्करवाडीहून १९३० पासून निघणाऱ्या ‘स्त्री’ मासिकासारख्या नियतकालिकांनी नव्या स्त्रीला धीर दिला. पुढे महायुद्धात कापड दुर्मीळ झाले आणि १९४३ मध्ये कापड व सुतावर सरकारी नियंत्रणाचा हुकूम जारी झाला, तेव्हा चार वार कापड वाचविणारे गोल पातळ जुन्या मताच्या सासवांनाही निषिद्ध वाटेनासे झाले. जे तत्त्वाने साधले नाही ते टंचाईने साधले.

निपाणीच्या वखारीत तंबाखूच्या खकाण्यात दिवसभर राबणाऱ्या बायांपर्यंत या वादाचे वारेही पोहोचले नसावे. कासोटा हा त्यांच्या कामाचा पोशाख होता. पदराचे काम नाकातोंडाला बांधण्याचे. फॅशनचा इतिहास लिहिताना त्या बहुधा गाळल्या जातात, म्हणून तो इतिहास एका पेठेपुरता राहतो.

आज बेळगावातील शहापूर, वडगाव, खासबाग येथील यंत्रमागांचा खडखडाट ऐकत पेठेत हिंडले, तर टोपपदराची नक्कल हवी तेवढी मिळते. रंग तोच, फणीचे दातेही जागच्या जागी. घेणाऱ्याने पदर उलटा करून अंगाच्या आणि पदराच्या सांध्यावर बोट फिरवावे. अस्सल इरकलीत तेथे फाशांची बारीक रांग हाताला लागते. नकलेत ताणा अखंड एकच असल्यामुळे बोट कोठेही अडत नाही.