गंधर्व की बळवंत?

दोन चांगल्या गोष्टींपैकी एकीची बाजू घेतल्यावाचून मराठी माणसाला चैन पडत नाही. पुरणपोळी दुधाशी खावी की तुपाशी, येथपासून जो वाद सुरू होतो तो बालगंधर्व मोठे की मास्टर दीनानाथ, येथे येऊन ठेपतो. पुरणपोळीचा वाद निदान पोट भरल्यावर मिटतो. दुसरा मिटत नाही. ती दोन्ही माणसे जाऊन कितीतरी वर्षे लोटली, त्यांच्या कंपन्यांचे पडदे कायमचे उतरले, तरी फराळाला चार माणसे जमली की कोणीतरी तो उकरून काढतोच. १९६० नंतरच्या दशकात विलायतेतली तरुण मंडळी बीटल्स आणि रोलिंग स्टोन्स या दोन गाणाऱ्या चमूंवरून अशीच हमरीतुमरीवर येत, आणि त्यांचे नातू आजही येतात. तेव्हा हा रोग केवळ आपलाच नव्हे, एवढे समाधान मानून मी आज उघडपणे एक बाजू घेणार आहे.

मात्र एक खुलासा आधीच केलेला बरा. हा वाद बहुधा दोन गळ्यांचा घातला जातो. मला तो दोन मंडळ्यांचा घालावयाचा आहे. नाटक एकट्या गळ्यावर उभे राहत नाही. लेखक, चाली देणारा, साथीदार, समोरचा नट आणि पैशाचा हिशेब ठेवणारा मालक, असा तो सारा संसार असतो. संसार कोणाचा चांगला झाला, हे नुसत्या यजमानाकडे पाहून ठरवता येत नाही.

हा निवाडा करण्याचा माझा अधिकार काय, असे कोणी विचारील. अधिकार एवढाच, की माझे माहेर सांगलीचे आणि आजोळ साताऱ्याचे. सांगली म्हणजे नाटकाची पंढरी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवरा'चा खेळ केला तो येथेच; 'शारदा' लिहिणारे देवल जवळच्या हरिपूरचे, आणि खाडिलकर तर खुद्द सांगलीचे. साताऱ्याचा बाणा निराळा. तेथे १८८१ साली शाहूनगरवासी नाटक मंडळी निघाली, ती गद्य नाटकांची. कऱ्हाडजवळच्या टेंभूच्या आगरकरांनी शेक्सपिअरच्या हॅम्लेटचे 'विकारविलसित' केले. त्यातले गणपतराव जोशांचे काम पुढे दंतकथा होऊन बसले. साताऱ्याच्या मंडळीला वर्ज्य होती ती पदे, सांगलीकर नव्हेत. देवलांचा 'झुंजारराव' गाजवला तो शाहूनगरवासींनीच. सरकारदरबारीसुद्धा आज ज्याला सांगली जिल्हा म्हणतात तो १९४९ साली वेगळा निघाला तेव्हा त्याचे नाव दक्षिण सातारा असेच होते. सांगली हे नाव त्याला १९६० मध्ये मिळाले. पण आमच्या घरात ही सरहद्द फार जुनी होती. सांगलीकर नाटक ऐकायला जात आणि सातारकर पाहायला. साताऱ्याचे आजोबा म्हणत, "पद झाल्यावर बघावे, पात्र जागेवर आहे की निघून गेले?" ही एक कसोटी मी त्यांच्याकडून घेतली आहे. कान मात्र सांगलीचे आहेत.

या दोन मंडळ्या वैरी म्हणून जन्मल्या नाहीत. त्या एकाच घरातून विभक्त झालेल्या भावंडांसारख्या होत्या. ते घर म्हणजे किर्लोस्कर नाटक मंडळी. नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, किर्लोस्करांच्या रंगमंचावर प्रथम शकुंतला म्हणून उभे राहिले ते १९०५ साली, आमच्या मिरजेत. १९१३ मध्ये ते, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे असे तिघे बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. पाच वर्षांनी, १९१८ साली, त्याच घरातून आणखी तिघे निघाले : चिंतामणराव कोल्हटकर, कृष्णराव कोल्हापुरे आणि अवघ्या सतरा वर्षांचे दीनानाथ मंगेशकर. ती बळवंत संगीत मंडळी.

आता गळे. आमच्या पिढीच्या वाट्याला आल्या त्या तबकड्या. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे. ज्या पदाला नाटकात वन्समोअर घेत घेत अर्धा तास लागावा ते तीन मिनिटांत कोंबायचे! पण याच कोंडीत दोघांचे स्वभाव स्पष्ट दिसतात. बालगंधर्वांना त्या तीन मिनिटांतही घाई नसते. शब्द उच्चारावा तो समोरच्याच्या ओंजळीत अलगद ठेवावा तसा. तान लहान, आणि तीही शब्दातूनच उमललेली. लय इतकी आत मुरलेली, की ती वेगळी जाणवतच नाही. त्यांच्या साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष असत, ही गोष्ट पुष्कळ सांगून जाते. असले साथीदार केवळ पगारावर मिळत नाहीत. त्यांना गाणाऱ्यात काही सापडावे लागते.

दीनानाथांची तबकडी लावली की घरातली हवाच बदलते. हा गळा आपल्याला बसू देत नाही. वरच्या सप्तकात झेप, तेथून तुटून पडणारी तान, ओळखीचा राग म्हणून आपण निवांत व्हावे तर तेवढ्यात भलत्याच वाटेने वळण. कधी कधी वाटते, या माणसाला तीन मिनिटे पुरत नाहीत म्हणून नव्हे, तर आयुष्यच पुरणार नाही म्हणून तो धावतो आहे. १९०० च्या डिसेंबरात जन्मलेला हा माणूस १९४२ च्या एप्रिलमध्ये गेला. हे ठाऊक असल्यामुळे तसे वाटत असेल. पण वाटते खरे.

दोघांना एकाच नाटकात तोलता येते. खाडिलकरांचे 'मानापमान' रंगभूमीवर आले १९११ मध्ये, किर्लोस्कर मंडळीत. चाली टेंब्यांच्या आणि भामिनी बालगंधर्वांची. गरीब शिपाईगड्याला नाकारणारी आणि मग त्याच्याच प्रेमात पडणारी ही श्रीमंताची लेक. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत जो संयुक्त 'मानापमान' झाला, त्यातही भामिनी बालगंधर्वच होते. धैर्यधर झाले होते ललितकलादर्शचे केशवराव भोसले. बळवंत मंडळीने हेच नाटक घेतले तेव्हा दीनानाथ उभे राहिले धैर्यधर म्हणून. त्यांनी मुलतानीत गाइलेले 'प्रेमसेवा शरण' ऐकावे. प्रेमाची याचना करतानासुद्धा हा सेनापती गुडघे टेकत नाही. साताऱ्याच्या कसोटीला दोघेही उतरतात : पद संपते तेव्हा भामिनी जागेवर असते आणि धैर्यधरही. येथे मी बरोबरी देते.

बरोबरी सुटते ती गडकऱ्यांपाशी. राम गणेश गडकरी १९१९ च्या जानेवारीत गेले. जाताना त्यांनी दोन्ही घरांना एकेक वारसा ठेवला : गंधर्वांसाठी 'एकच प्याला', बळवंतसाठी 'भावबंधन'. दोन्ही नाटके रंगमंचावर आली ती लेखक गेल्यावर. एकाच लेखकाच्या दोन नायिका, सिंधू आणि लतिका, दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांच्या दोन प्रमुख गायकांनी उभ्या कराव्यात, यापरता चांगला तराजू समीक्षकाला कोठला मिळणार?

सिंधू ही दारुड्या सुधाकराची बायको. ती दळते, उपाशी राहते, मूल गमावते, मार खाते, आणि शेवटच्या श्वासापर्यंत नवऱ्यावर आळ येऊ देत नाही. तिच्या तोंडची पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांनी रचली, आणि बालगंधर्वांनी ती अशी गाइली की त्या फाटक्या लुगड्यातल्या बाईला महाराष्ट्राने डोक्यावर घेतले. तबकडी आजही लावा. डोळे ओले झाल्यावाचून राहणार नाहीत. आणि नेमके हेच मला सलते. आमच्या वाड्यात एक बाई होत्या. नाव सांगण्याचे कारण नाही. त्यांच्या घरी सुधाकर होता. रेडिओवर सिंधूचे पद लागले की त्या ओसरीवर येऊन बसत, पद संपेपर्यंत डोळे पुशीत, आणि मग उठून पुन्हा चुलीकडे जात. त्या गाण्याने त्यांचे दुःख हलके केले, हे मी नाकारीत नाही. पण त्याने ते इतके सुंदर करून टाकले, की ते संपावे असे कोणालाच वाटेनासे झाले, त्यांनाही नाही. याला गळ्याचा दोष म्हणता येणार नाही. हे गळ्याचे सामर्थ्यच आहे. परंतु सामर्थ्याचा जाब विचारणे हेच टीकेचे काम.

लतिका अगदी उलट. थट्टेखोर, तोंडाळ, रूपाचा गर्व असलेली. तिने घनश्यामाचा अपमान केला आणि त्याने सूड धरला, यावर 'भावबंधना'चे सारे कारस्थान उभे आहे. तिच्या जिभेची किंमत गडकरी तिच्याकडून वसूल करतात, हेही खरे. पण तिला जीभ आहे! आणि तिच्यासमोर चिंतामणरावांचा घनश्याम आहे, जो एकही पद न गाता नाटक आपल्याकडे ओढतो. दीनानाथांच्या तानेला उत्तर देण्याची ताकद असलेला गद्य नट त्याच मंडळीत, त्याच बरोबरीने मालक म्हणून उभा होता. साताऱ्याचे आजोबा गाण्याच्या नाटकांना नाके मुरडीत, पण 'भावबंधना'ला त्यांनी कधी नाव ठेवले नाही, ते यामुळेच.

बळवंतच्या पुढच्या नायिका तर आणखी पुढे गेल्या. वीर वामनराव जोशांचे 'रणदुंदुभि' १९२७ चे. त्यात दीनानाथ झाले तेजस्विनी, पारतंत्र्याची चीड आलेली. १९३१ मध्ये सावरकरांचे 'संन्यस्त खड्ग' आले. लेखक रत्नागिरीत स्थानबद्ध, आणि नाटकातली सुलोचना वेष पालटून रणात उतरते. दोन्ही नाटकांच्या चाली वझेबुवांच्या, करड्या, पीळदार. दीनानाथांच्या गळ्याला त्यांनी दिलेली ती खरी तालीमच होती. सरकारचा डोळा असलेल्या लेखकांची नाटके करणे म्हणजे खेळाची तिकिटे विकण्याइतके सोपे काम नव्हते. मंडळीने ते केले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गंधर्वांच्या सगळ्याच नायिका सिंधू नव्हेत. १९१६ च्या 'स्वयंवरा'तली रुक्मिणी आपला नवरा आपण निवडते, आणि भास्करबुवा बखल्यांच्या चालींनी त्या निवडीला जे तेज दिले त्याला तोड नाही. संगीत म्हणून 'स्वयंवर' हे मराठी नाटकाचे शिखर, यात मला शंका नाही. नऊवारी नेसावी कशी, अंबाड्यावर वेणी माळावी कशी, हे थोरामोठ्यांच्या लेकीसुनांनी एका पुरुषाकडून शिकावे, हा चमत्कारही त्यांचाच. पण टेंबे लवकरच गेले, पुढे बोडसही गेले, आणि गंधर्व मंडळी एका माणसाची झाली. प्रेक्षक येत ते रुक्मिणीला नव्हे, बालगंधर्वांना पाहायला. वन्समोअरवर वन्समोअर झडत आणि नाटक बिचारे विंगेत ताटकळत उभे. आजोबांचा प्रश्न येथे फार अवघड होतो.

दोन्ही संसारांचा शेवट कर्जात झाला, हा आपल्या रंगभूमीचा नेहमीचाच भरतवाक्यानंतरचा प्रवेश. बोलपट आला. बळवंतवाल्यांनी सांगलीत बळवंत पिक्चर्स काढून १९३४ मध्ये 'कृष्णार्जुन युद्ध' केले आणि त्यात सारे गेले. बालगंधर्व १९३५ मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा'त एकनाथ झाले आणि पुन्हा रंगमंचाकडे वळले. ते १९६७ पर्यंत होते, पद्मभूषण झाले. दीनानाथांनी मागे ठेवली ती पाच मुले. त्यांतल्या थोरलीने, लताबाईंनी, बापाची नक्कल केली नाही, त्याची हिंमत घेतली. बालगंधर्वांची नक्कल करणारे मात्र गल्लोगल्ली निघाले, आणि त्यांनी त्या निवांतपणाची नुसती लाडिक सवय करून टाकली. शिष्यांवरून गुरूला तोलू नये हे खरे. पण ज्याची नक्कल करता येत नाही तो गवई ऐकणाऱ्याला स्वतःचेच काही करावयास लावतो, एवढे म्हणता येईल.

सांगलीने मात्र निवाडा टाळला. विष्णुदास भाव्यांच्या नावाचे पदक रंगभूमीदिनी, ५ नोव्हेंबरला, दिले जाते. त्याचे पहिले मानकरी बालगंधर्व. आणि गावात नाट्यगृह आहे ते दीनानाथांच्या नावाचे. शहराला असे वागणे शोभते. त्याला दोघांच्याही भक्तांकडून पट्टी गोळा करायची असते. लेखिकेला ती सवलत नाही.

म्हणून सांगते. मोठे कोण, असे विचाराल तर बालगंधर्व, आणि त्यासाठी मला क्षणभरही थांबावे लागणार नाही. आवडती मंडळी कोणती, असे विचाराल तर बळवंत. थोरवी ठरते ती कलेच्या मापाने. आवड ठरते ती आपल्याला काय हवे होते त्यावरून. वाड्यातल्या त्या बाईंच्या रेडिओवर एखाद्या दुपारी सिंधूऐवजी तेजस्विनी लागली असती तर त्या पद संपल्यावर उठून कोणीकडे गेल्या असत्या, हे मला सांगता येणार नाही. कदाचित चुलीकडेच गेल्या असत्या. पण पदर डोळ्यांना लावण्याऐवजी त्यांनी तो कमरेला खोचला असता, असे मला वाटते. आणि माझे मत मी तेवढ्यासाठी देते.

आपण आपल्या घरी, आपल्या मताने, खुशाल विरुद्ध निकाल द्यावा. मात्र द्यायच्या आधी दोन्ही तबकड्या मुलांना ऐकवाव्यात, आणि सुनेचे मतही विचारावे.