हंटरवालीची कन्या : साहसपटाचा उत्तरभाग आणि वीरस्त्रीचे नामकरण

मराठी चित्रपटसमीक्षेने संतपट, ऐतिहासिक पट आणि सामाजिक पट यांचा विचार पुष्कळ केला आहे. अल्प खर्चात तयार होणाऱ्या मारामारीच्या चित्रपटाकडे मात्र तिने सहसा लक्ष दिलेले नाही. अशा चित्रपटाचा दुसरा भाग आणि त्यातही स्त्री नायिका असली, म्हणजे तर तो विचारार्ह वाङ्मयाच्या कक्षेबाहेरचाच समजला जातो. ही उपेक्षा भाषेच्या अभ्यासकास परवडणारी नाही. लोकप्रिय चित्रपटाला आपले शीर्षक अल्पावधीत, अशिक्षित प्रेक्षकालाही समजेल असे घडवावे लागते. त्यामुळे समाजाच्या मनातील नाती आणि अधिकार यांची व्यवस्था अशा शीर्षकांत उघडी पडते. शस्त्र धारण करणाऱ्या स्त्रीला काय म्हणावे, आणि तिच्यानंतर येणारीला काय म्हणावे, या दोन प्रश्नांच्या अनुरोधाने प्रस्तुत लेखात या चित्रपटांचा विचार करावयाचा आहे.

प्रथम मराठीची स्थिती पाहू. कोल्हापूर, सातारा, सांगली या भागांत लाठी, दांडपट्टा, बोथाटी, ढाल-तलवार यांच्या परंपरागत युद्धकलेस 'मर्दानी खेळ' असे नाव आहे. 'मर्द' हा फारसी शब्द पुरुषवाचक. आज मुलीही हे खेळ शिकतात व जाहीर प्रयोगांत पट्टा फिरवितात. परंतु त्या जे करतात त्याचे नाव 'पुरुषी खेळ' असेच राहते. 'वीरांगना' या सामासिक शब्दाचा विग्रह 'वीर अशी अंगना' असा होतो, तसाच तो 'वीराची अंगना' असाही होऊ शकतो. 'रणचंडी' म्हणावे तर ती देवता झाली. सारांश, लढणाऱ्या स्त्रीला पुरुषाची उपमा द्यावी, त्याची पत्नी म्हणावे अथवा तिला देव्हाऱ्यात बसवावे, हे तीन मार्ग रूढ आहेत. ती केवळ लढणारी आहे एवढेच सांगणारा, रोजच्या वापरातला शब्द भाषेने सिद्ध केलेला दिसत नाही.

या पार्श्वभूमीवर १९३५ साली मुंबईच्या वाडिया मूव्हीटोनने काढलेल्या 'हंटरवाली' या हिंदी चित्रपटाचे नाव लक्षणीय ठरते. जे. बी. एच. वाडिया व होमी वाडिया या बंधूंनी ही संस्था १९३३ साली स्थापन केली होती. चित्रपटाचे दिग्दर्शन होमी वाडिया यांचे. नायिका नादिया हिचे मूळ नाव मेरी अ‍ॅन इव्हान्स. तिचा जन्म १९०८ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे झाला. बालपणीच ती हिंदुस्थानात आली आणि चित्रपटांत येण्यापूर्वी तिने सर्कशीतही काम केले होते. कथानक साधे आहे. दुष्ट प्रधान राज्य बळकावू पाहतो. राजकन्या माधुरी मुखवटा चढवून, हाती हंटर घेऊन गांजलेल्यांची कैवारी होते. घोडदौड, उड्या, मुष्टियुद्ध ही सर्व कामे नादिया स्वतः करीत असे. चित्रपटास अपूर्व यश लाभले. पुढे 'चाबुकवाली', 'सायकलवाली' अशी नावे घेऊन अनुकरणे निघाली.

'-वाली' हा प्रत्यय मराठीस अपरिचित नाही. भाजीवाली, दूधवाली, फुलवाली या शब्दांत तो उपजीविकेचा वाचक आहे. नवऱ्याच्या किंवा बापाच्या नावाची अपेक्षा न ठेवता, स्त्रीच्या हातात काय आहे त्यावरून तिला ओळखणारा हा प्रत्यय बाजारात जन्मला आणि प्रतिष्ठित भाषेने त्याला नेहमीच काहीसे खालचे मानले. 'हंटरवाली' या नावाने एवढेच केले की, टोपलीच्या जागी शस्त्र ठेवले. राजकन्येला भाजीवालीचा प्रत्यय लागला, आणि तिच्या कर्तृत्वाचे नाव तिच्या साधनावरून सिद्ध झाले.

ते साधन कोणते, हेही पाहिले पाहिजे. मराठीत फटकाऱ्याच्या साधनांना निरनिराळे शब्द आहेत आणि प्रत्येकाचा अधिकारी वेगळा आहे. चाबूक टांगेवाल्याचा, कोरडा शिक्षा देणाऱ्या सरकारचा, आसूड शेतकऱ्याचा आणि पोतराजाचा. महात्मा फुले यांनी आपल्या ग्रंथाच्या शीर्षकासाठी 'आसूड' हाच शब्द निवडला, याचे मर्म या भेदात आहे. 'हंटर' हा शब्द इंग्रजीत शिकाऱ्याचा किंवा शिकारीच्या घोड्याचा वाचक आहे; येथे येऊन तो घोडेस्वार साहेबाच्या हातातील चाबकाचा वाचक झाला. १९३५ सालच्या प्रेक्षकाला हंटर म्हणजे सत्ताधाऱ्याची वस्तू, हे सांगावे लागत नव्हते. ती वस्तू अन्याय्य सत्तेवरच उगारली जाते, यात त्या चित्रपटाचे खरे आकर्षण होते. मात्र ती उगारणारी स्त्री गौरवर्णी युरोपीय होती, हा या आकर्षणातील पेच नजरेआड करता येत नाही. देशी नटीच्या हाती हंटर देण्याचे धाडस निर्मात्यांनी केले असते काय आणि प्रेक्षकांनी ते मानले असते काय, ही शंका रास्तच आहे.

आता उत्तरभागाकडे वळू. होमी वाडिया यांनी १९४२ साली बसंत पिक्चर्स ही स्वतंत्र संस्था काढली आणि १९४३ साली तिच्यातर्फे 'हंटरवाली की बेटी' हा चित्रपट आला. दिग्दर्शक बटुक भट्ट, नायिका पुन्हा नादियाच. हिंदी चित्रपटातील हा पहिला उत्तरभाग होय, असे सामान्यतः मानले जाते. आर्थिक कारण उघड आहे : नव्या संस्थेला सिद्ध झालेल्या नावाचा आधार हवा होता. परंतु तो आधार 'दुसरा भाग' अशा क्रमवाचक शब्दाने घेतला गेला नाही. तो नात्याने घेतला गेला. या चित्रपटांच्या जगात सारेच नात्यांनी बांधलेले असे. नादियाच्या घोड्याचे नाव 'पंजाब का बेटा', तर मोटारीचे 'रोल्स रॉइस की बेटी'. यंत्रालाही वंश लागतो, ही विनोदी कल्पना प्रेक्षकाच्या सहज पचनी पडे, कारण ओळख म्हणजे 'कोणाचा कोण' हे सांगणे, अशीच त्याची समजूत होती.

वंशाच्या द्वारे उत्तरभाग साधण्याची रीत जुनी आहे. भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'त जृंभकास्त्रे लवाला वारशाने प्राप्त होतात आणि तीच पुढे ओळखीची खूण ठरतात. हॉलिवूडमध्ये १९२५ साली डग्लस फेअरबँक्सने 'डॉन क्यू, सन ऑफ झोरो' या चित्रपटात पिता व पुत्र या दोन्ही भूमिका केल्या. तेथेही पुत्राच्या हाती चाबूक आहे. दोन्ही ठिकाणी शस्त्राचा वारसा पित्याकडून पुत्राकडे जातो. 'हंटरवाली की बेटी' या शीर्षकात तो मातेकडून कन्येकडे जातो. मुलीच्या नावापुढे बापाचे आणि विवाहानंतर नवऱ्याचे नाव लावणाऱ्या समाजात, षष्ठी विभक्तीच्या स्थानी आईचे बिरुद बसविणारे हे तीन शब्द सामान्य नव्हेत.

परदेशी उदाहरणांशी तुलना केल्यास हा विशेष अधिक स्पष्ट होतो. हाँगकाँगच्या 'कम ड्रिंक विथ मी' (१९६६) या चित्रपटात चेंग पेइ-पेइ हिने 'गोल्डन स्वॅलो' नावाची खड्गधारिणी रंगविली. १९६८ साली त्याचा उत्तरभाग निघाला तो 'गोल्डन स्वॅलो' या नावानेच. परंतु दिग्दर्शक चांग चेह यांनी चित्रपटाचे केंद्र जिमी वांग यू या नायकाकडे नेले. शीर्षक तिचे, कथा त्याची. जपानमध्ये १९७४ साली एत्सुको शिहोमी हिला घेऊन एक कराटेपट निघाला आणि १९७६ पर्यंत त्याच मालिकेचे आणखी तीन चित्रपट आले. त्याच्या जपानी शीर्षकात मारक मुष्टीच्या आधी 'स्त्री' हे विशेषण जोडलेले आहे, तर इंग्रजी शीर्षकात नायिका पुरुष लढवय्याची 'सिस्टर' झाली. 'मर्दानी खेळ' खेळणाऱ्या मुलीची अडचण आणि ही अडचण एकाच जातीची आहे : कला पुरुषाची, स्त्री तिच्यात पाहुणी.

असे असले तरी 'हंटरवाली की बेटी'चे शीर्षक जे देते, ते या जातीचे चित्रपट टिकवू शकत नाहीत, हेही नमूद केले पाहिजे. पहिल्या चित्रपटात नायिकेला शस्त्र उचलण्याचे कारण असते. उत्तरभागात शस्त्र आधीच हाती असते. कारण मागाहून शोधावे लागते. भांडवल थोडे असल्याने तेच घोडे, तेच देखावे, त्याच उड्या पुन्हा येतात, आणि कारणाची उणीव कसरतींच्या संख्येने भरून काढली जाते. वारसा म्हणून मिळालेले शौर्य स्वतःच्या जीवनात पुन्हा अर्जित करावे लागते, हे सत्य ही मालिकापद्धती विसरते. तिचा मुख्य दोष हाच. खर्चाची काटकसर नव्हे.

हे सत्य किती खरे आहे, याचे प्रमाण त्याच काळच्या सातारा जिल्ह्यात सापडते. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हा साताऱ्यातच होता. १९४९ साली तो दक्षिण सातारा म्हणून वेगळा झाला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. 'हंटरवाली की बेटी' निघाला त्या १९४३ सालीच येथे प्रतिसरकारची चळवळ उभी होती आणि जून महिन्यात तुफान सेनेने शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी आगगाडी लुटली. क्रांतिसिंह नाना पाटील यांची कन्या हौसाताई (१९२७-२०२१) या चळवळीत होत्या. सरकारी बंगले व टपाल यांवरील हल्ल्यांत त्यांचा सहभाग होता. गोव्यातील कामगिरीवरून परतताना मांडवी नदी लाकडी पेटीच्या आधाराने रात्री ओलांडल्याची हकीकत त्यांनी स्वतः सांगितली आहे. चित्रपटाचा या घटनांवर प्रभाव पडला असे सुचविण्याचा येथे मुळीच हेतू नाही. मुद्दा नामकरणाचा आहे. हौसाताईंचा परिचय बहुधा 'नाना पाटलांची कन्या' असाच करून दिला जातो. तो खोटा नाही. परंतु नदी त्या नात्याने ओलांडली जात नाही. ती ज्याची त्यालाच ओलांडावी लागते.

तात्पर्य, पुसेगाव, पाल, म्हसवड अशा जत्रांच्या तंबूंतून मारामारीच्या चित्रपटांवर पोसलेल्या प्रेक्षकवर्गाची अभिरुची हीन ठरवून समीक्षेचे काम संपत नाही. 'हंटरवाली' या शब्दाने लढणाऱ्या स्त्रीला तिच्या हातातील वस्तूवरून नाव दिले, आणि 'की बेटी' या दोन शब्दांनी त्या नावाला मातृवंश दिला. उच्चभ्रू भाषेला जे साधले नाही ते बाजारी प्रत्ययाने साधले. तथापि आज तोच शब्द कडक बाईची थट्टा करण्यासाठी वापरला जातो, हे त्याचे पुढील चरित्र विसरता येत नाही. एखाद्या स्त्रीने हुकूम दिला की तिला 'हंटरवाली' म्हणून हसणारा समाज मूळ शब्दातील धाक मान्यच करीत असतो. दांडपट्टा फिरविणाऱ्या मुलीच्या खेळाला जोपर्यंत 'मर्दानी'वाचून दुसरे नाव सुचत नाही, तोपर्यंत तिच्या नावाचा प्रश्न भाषेने सोडविला असे म्हणता येणार नाही.