वर्तुळाकार अर्थव्यवस्थेतील यंत्र-देखभाल : वॉल्टर स्टाहेल यांच्या विचाराची चिकित्सा

प्रास्ताविक : वर्तुळाकार अर्थव्यवस्थेची चर्चा बहुधा कचरा व पुनर्चक्रीकरण यांभोवतीच फिरते. स्विस वास्तुविशारद वॉल्टर स्टाहेल यांनी मात्र वस्तूचे आयुष्य वाढविणे हा तिचा गाभा मानला. जेनेव्हिएव्ह रेडे यांच्यासह त्यांनी १९७६ मध्ये युरोपीय आयोगासाठी लिहिलेला अहवाल १९८२ मध्ये 'जॉब्ज फॉर टुमॉरो' या नावाने ग्रंथरूपात आला. उद्योगातील सुमारे तीन-चतुर्थांश ऊर्जा पोलाद, सिमेंट असे मूळ साहित्य मिळविण्यात खर्ची पडते, तर मनुष्यबळ पुढील घडणीत अधिक लागते, हे त्यातील प्रमुख निरीक्षण होय. म्हणून देखभालीने ऊर्जा वाचते व रोजगार वाढतो, हा त्यांचा निष्कर्ष तर्कसंगत आहे.

विवेचन : स्टाहेल उपायांची उतरंड सांगतात. दुरुस्ती पुरेशी असता पुनर्निर्मिती नको. न बिघडलेल्या वस्तूस तर हातच लावू नये. हे अखेरचे कलम कारखान्यात अडखळते. बेअरिंगचा आवाज बदलला, कंपने वाढली, तरी यंत्र चालूच असते. त्यास 'बिघडलेले' म्हणावे काय? ते निकामी होईपर्यंत थांबल्यास शाफ्टही भंगारात जाण्याचा धोका असतो. याउलट ठरावीक मुदतीने सुटे भाग सरसकट बदलणे हाही उपाय नव्हे. नोलन व हीप यांच्या १९७८ च्या अहवालानुसार विमानाच्या ८९ टक्के घटकांना वयोमर्यादा लावून लाभ होत नाही; ६८ टक्के घटकांत तर बिघाडाचा संभव बसविल्यानंतर लगेचच सर्वाधिक असतो. तात्पर्य, यंत्राची प्रत्यक्ष स्थिती वाचणे हीच खरी देखभाल होय. स्टाहेल यांच्या सूत्रात या वाचनाला स्थान नाही.

ही स्थिती वाचायची कोणी? 'द परफॉर्मन्स इकॉनॉमी' (२००६) या ग्रंथात स्टाहेल वस्तूऐवजी तिची सेवा विकण्याचा पुरस्कार करतात. ब्रिस्टल सिडली कंपनीने १९६२ मध्ये व्हायपर इंजिनासाठी आणलेली 'पॉवर बाय द अवर' योजना हे त्याचे पूर्वरूप. ग्राहक उड्डाणाच्या तासागणिक पैसे मोजतो. त्यामुळे टिकाऊपणात निर्मात्याचाच लाभ असतो. परंतु अशा व्यवस्थेत दुरुस्तीचे ज्ञानही निर्मात्याकडेच एकवटू शकते. करार संपला की कारखान्याच्या हाती यंत्र राहत नाही आणि ते जाणणारा फिटरही.

समारोप : स्टाहेल यांनी साहित्याचे वर्तुळ अचूक रेखाटले, कौशल्याचे वर्तुळ अपुरे राहिले. ज्ञान कामगाराच्या हातातून निसटले, तर देखभालीतून वाढणारा रोजगार त्याच्या वाट्याला येईलच असे म्हणता येत नाही.