दिसते तसे असते का?
संकेतस्थळासाठी मजकूर लिहिण्याच्या 'दृश्य संपादका'ची एक तपासणी

शाळेच्या किंवा विज्ञान मंडळाच्या संकेतस्थळावर लेख चढवायचा असला, की आज बहुतेक ठिकाणी 'दृश्य संपादक' समोर येतो. वर बटणांची पट्टी, खाली कोरी पाटी. अक्षरे निवडावीत, बटण दाबावे; अक्षरे ठळक होतात, तिरपी होतात, मध्यभागी सरकतात. संगणकाची भाषा शिकण्याची गरज नाही. इंग्रजीत या तत्त्वाला 'व्हिजिविग' असे आद्याक्षरी नाव आहे. मराठीत 'जे दिसेल तेच मिळेल' असे म्हणता येईल. हे आश्वासन कितपत खरे आहे, ते येथे तपासून पाहू.

या कल्पनेचा जन्म कागदासाठी झाला, हे प्रथम लक्षात घ्यावयास हवे. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७३ साली 'आल्टो' हा संगणक तयार झाला. त्याच्यासाठी बटलर लॅम्पसन, चार्ल्स सिमोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये 'ब्राव्हो' हा लेखनाचा कार्यक्रम रचला. तोपर्यंत मजकुरात सूचनांचे संकेत लिहावे लागत आणि परिणाम कसा झाला ते छापून आल्यावरच कळे. ब्राव्होमध्ये तो पडद्यावरच दिसू लागला. आल्टोचा पडदाही कागदासारखा उभा होता. हाती येणारी वस्तू एकच, तिची रुंदी ठरलेली; त्यामुळे तेथे हे आश्वासन पाळता येत होते.

संकेतस्थळावरचे पान मात्र कागद नव्हे. तोच लेख कोणी मोबाइलवर वाचतो, कोणी मोठ्या पडद्यावर, तर कोणी कानाने ऐकतो. प्रत्येक ठिकाणी त्याची मांडणी नव्याने होते. म्हणजे लेखकाला जे दिसते ते अनेक रूपांपैकी केवळ एक रूप असते. सर्व रूपांत कायम राहते ती मजकुराची रचना: हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी. ही रचना नोंदवण्यासाठीच एचटीएमएल ही खुणांची भाषा आहे. तिच्यात शीर्षकांच्या सहा पायऱ्या आहेत. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली जो पहिला वेब-कार्यक्रम लिहिला, त्यात पाने वाचता येत आणि लिहिताही येत. लेखकाने खुणा हाताने टंकाव्यात, अशी त्यांची अपेक्षाच नव्हती. तेव्हा खुणा लपवणे हा दृश्य संपादकाचा दोष मानता येणार नाही. खुणांबरोबर त्यांचा अर्थही लपतो, हा खरा दोष आहे.

एक उदाहरण घेऊ. 'प्रकाशाचे परावर्तन' या लेखात दहा उपशीर्षके आहेत. एका शिक्षकाने ती अक्षरे मोठी व ठळक करून बनवली. दुसऱ्याने सूचीतून 'शीर्षक' हा प्रकार निवडून. डोळ्यांना दोन्ही लेख सारखेच. आता तेच लेख दृष्टिहीन विद्यार्थी वाचतो असे समजू. पडदा वाचून दाखवणाऱ्या 'एनव्हीडीए' या मोफत कार्यक्रमात 'एच' ही कळ दाबली की वाचन पुढील शीर्षकावर उडी घेते. दुसऱ्या लेखात तो विद्यार्थी काही क्षणांत हव्या त्या भागाशी पोहोचतो. पहिल्या लेखात त्याला सांगितले जाते, की पुढे शीर्षकच नाही. मग त्याने सारा लेख पहिल्या ओळीपासून ऐकायचा. संपादकाने शिक्षकाला कोणतीही चूक दाखवली नाही, कारण दिसण्यात चूक नव्हतीच.

असेच इतर बाबतींतही घडते. आडव्या रेघा देऊन केलेली यादी ही यादी नसते. स्पेसबार दाबून मध्यावर आणलेली ओळ मोबाइलवर भलतीकडे तुटते. दोन्ही कडा सरळ करण्याचे बटण कागदावर शोभते. पण प्रत्ययांमुळे लांबलेले मराठी शब्द अरुंद पडद्यावर आले, की ओळीत मोठमोठी भगदाडे पडतात. चित्राचे वर्णन लिहिण्याची चौकट रिकामी राहिली, तरी चित्र दिसतेच. ज्याला ते दिसत नाही, त्याच्यापुरते ते नाहीसे होते.

मराठी लेखकाला तर या भ्रमाची जुनी ओळख आहे. 'कृतिदेव'सारख्या जुन्या टंकांत 'भारत' हा शब्द पडद्यावर स्वच्छ मराठी दिसे. संगणकाच्या दृष्टीने मात्र ती एच, के, के, जे, आर ही रोमन अक्षरे होती. तो टंक नसलेल्या यंत्रावर तीच अक्षरे उघडी पडत, आणि 'भारत' शोधू गेल्यास तो लेख सापडत नसे. देवनागरीला स्वतःचे संकेतांक देणारी युनिकोड पद्धती १९९१ पासून उपलब्ध आहे. तरीही डीटीपीच्या जुन्या धारिकांतील मजकूर संपादकात चिकटवून टंक बदलण्याचा प्रयत्न अजून होतो. रूप बदलल्याने आतले द्रव्य बदलत नाही.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. हाताने खुणा लिहिणे हे प्रत्येक शिक्षकाला जमेल किंवा आवडेल असे नाही, आणि तसा आग्रह धरला तर अनेकांचे लिहिणेच थांबेल. साधनेही सुधारली आहेत. वर्डप्रेसच्या डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या ५.० या आवृत्तीत 'ठोकळ्यांचा' संपादक आला. त्यात परिच्छेद, शीर्षक, यादी, चित्र असा घटक निवडून लिहावे लागते. म्हणजे भूमिका आधी, रूप नंतर. लेखातील शीर्षकांची रूपरेषाही तो दाखवतो. ही दिशा योग्य आहे. परंतु ठळक अक्षराचे बटण हाताशी आणि रूपरेषा एका कोपऱ्यात, अशी मांडणी असेल तर घाईत कोणते वापरले जाईल, हे सांगायला नको.

म्हणून दृश्य संपादक जरूर वापरावा. त्याच्यावर विसंबून मात्र राहू नये. लेख प्रसिद्ध करण्यापूर्वी तीन साध्या चाचण्या घ्याव्यात. डोळ्यांना दिसणारी शीर्षके मोजून ती रूपरेषेतील संख्येशी ताडून पाहावीत. पान मोबाइलवर उघडावे. आणि डोळे मिटून ते एनव्हीडीएकडून ऐकावे. या चाचण्या वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून करून घेतल्यास उत्तम.

कारण हा प्रश्न संगणकाच्या तासापुरता नाही. देवमाशाला मासा समजणारा विद्यार्थी दिसण्यावरून वर्ग ठरवतो. त्याची फुप्फुसे आणि पिलांना दूध पाजणे लक्षात घ्यायला आपण त्याला शिकवतो. ठळक ओळीला शीर्षक समजणे ही त्याच जातीची गफलत आहे, आणि ती दुरुस्त करणे हे विज्ञानशिक्षकाचेच काम आहे.